भांडगावची लाईन निस्तरायला

सोलापूरहून निघालो तेव्हा पिशवीत पेढ्यांचा पुडा होता. एका इंग्रजी शब्दाने माझ्या भाच्याचं, संजयचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. तो शब्द वापरणारा माणूस शाळेत वीस वर्षं इंग्रजी शिकवत होता. म्हणजे मी.

त्या काळी घरोघर फोन नव्हते. संजयने औषधं विकायची फिरतीची नोकरी सोडली आणि घराजवळच्या रोपवाटिकेत लागला. मुलीकडे कळवायला हवं म्हणून मी भांडगावच्या एसटीडी बूथवर फोन लावला आणि मुलीच्या वडिलांना, आबांना, बोलावून घेतलं. म्हणालो, "आबा, संजयनं लाईन बदलली बरं का! जुन्या लाईनीत सारखं हिंडणं. नवी अगदी घराजवळ आहे, जीव रमलाय त्याचा."

एवढ्यात फोन तुटला. आठवड्याने पोस्टकार्ड आलं, "नव्या लाईनीसंगंच संसार करा म्हणावं. सुपारी फुटलीच नाही असं समजा."

गाडी दौंडच्या अलीकडे उभी राहिली ती हलेचना. समोरच्या बाकावर शेंगा सोलत बसलेल्या मावशी म्हणाल्या, "लाईन क्लिअर मिळंना जनू."

"माझीही तीच अडचण आहे," मी म्हणालो. त्यांना काय वाटलं कोण जाणे, मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या.

दौंड स्टेशनाबाहेर वडाप (शिटा भरून गावोगाव जाणारी जीप) लागली होती. चालक हमीदभाईंनी चौदा माणसं कोंबली आणि वयाने मोठा दिसतो म्हणून मानाने मला पुढे बसवलं. मानाची जागा म्हणजे गिअरच्या दांड्याला पाय लावून. दर वेळी गिअर बदलला की माझा गुडघा आपोआप सलाम करी. कुरकुंभ आलं ते आधी नाकाला कळलं, कारखान्यांची धुराडी मागाहून दिसली.

"कोनच्या लाईनचे तुम्ही?" हमीदभाईंनी विचारलं.

आता मात्र राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. ते इतके हसले की जीप रस्ता सोडून साइडपट्टीवर उतरली. मागून कोंबडी ओरडली, तिची मालकीण त्याहून मोठ्याने.

"मास्तर, रुळाची लाईन हाय, विजेची हाय, धंद्याची हाय, पोरीची हाय. आबांनी नेमकी शेवटली धरली! त्यांच्याशी उपाशीपोटी बोलू नका बरं. आधी जेवा."

आबा ओट्यावरच बसले होते. मी नमस्कार केला. ते "या" म्हणाले नाहीत, पण त्यांच्या घरच्या काकूंनी दोघांची ताटं वाढली. बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा आणि जवसाची चटणी. चटणी पाहिली आणि माझ्यातला मास्तर जागा झाला.

"आबा, लाईन हा शब्द मुळात या जवसातून आलाय. जवसाच्या झाडाच्या वाखाचा दोरा काढायचे, त्याला लॅटिनमध्ये लिनिया म्हणत. दोरा ताणून आखली ती रेघ. रेघेवरून रांग, रूळ, तार. आणि माणसाने एक मार्ग धरला की त्याचा धंदा. मी म्हणत होतो ती ही लाईन."

आबांनी घास थांबवला. "आन् पोरगी कुठं आली ह्यात?"

"ती... ती आपण घातली."

विहिरीवरची मोटार बंद पडली. "गेली का लाईन!" आबा ओरडले आणि त्यांनी जीभ चावली. आतून काकूंचं हसू ऐकू आलं. आबांच्या मिशा हलल्या. मी रोपवाटिकेचं सांगितलं आणि संजयने नोकरी बदलली, पोरगी नाही, हे त्यांना पटलं. मी पेढ्यांच्या पुड्याकडे हात नेला.

"थांबा, मामा."

दारात सुनंदा सगळं ऐकत उभी होती, आबांची मुलगी. कुरकुंभच्या औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होती ती. पहिली पाळी संपवून आली होती, डब्याची पिशवी अजून खांद्यालाच.

"नोकरी कुनी सोडली? त्यांनी ना? मग फोन तुम्ही का केला?"

मी सुरुवात केली, "तसं नाही, मोठ्यांनी बोलायची पद्धत..."

"आन् आज निस्तरायला बी तुम्हीच आला. महिना झाला, त्यांचं दोन ओळींचं कार्ड न्हाई. रोपं इकतात का गाड्या, मला काय बी चालंल. पन माझ्याशी बोलायचं झालं तर दर वेळी मामाला धाडनार का?"

"सुने, पाव्हन्यांशी असं बोलत्यात व्हय?" आबा म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"त्यांना पाठवा. एकट्याला," ती म्हणाली आणि पाय धुवायला मागे गेली. पेढ्यांचा पुडा बांधलेलाच राहिला.

परतीच्या गाडीत मी स्वतःवरच चिडलो होतो. एका शब्दाचं कूळ सांगायला शंभर मैल आलो होतो आणि मुलीचं भांडण त्या शब्दाशी नव्हतंच. संजयला बोलायची संधीच मी कधी दिली नव्हती. शाळेतही उत्तर माहीत असलं की मुलांआधी मीच सांगून मोकळा होतो.

पुढच्या रविवारी संजय एकटा भांडगावला गेला. उन्हाळ्यात लग्न झालं. पंगत उठल्यावर मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय रे, त्या दिवशी तिला काय सांगितलंस?"

"मामा," तो म्हणाला, "ते तुम्हाला कशाला?"

जन्मात पहिल्यांदा पोरगं मला उलटून बोललं. मला फार बरं वाटलं.