अब्बांचं पोतं आणि नवी पिकअप

मंडळी, आज आमची नवी इलेक्ट्रिक पिकअप परंड्यात आली!

जुन्या टेम्पोत इंजिन सीटखालीच होतं. बूड भाजायचं, म्हणून अब्बा कायम पोत्याची घडी टाकून बसायचे. आज नव्या गाडीतही ती घडी घेऊनच चढले.

"अब्बा, ह्यात इंजिनच न्हाय. सीट तापत न्हाय," मी म्हणाले.

"समदे असंच म्हणतेत," म्हणत ते पोत्यावर बसले.

मी एसी लावला, मोठ्ठ्या स्क्रीनवर बोट फिरवून दाखवलं. ते रस्त्याकडंच बघत होते. कुर्डुवाडी रोडला मात्र त्यांनी हळूच पोत्याखाली हात घालून बघितला. थोड्या वेळानं परत.

येताना पोतं त्यांच्या पायाखाली होतं!

"चपलांची माती लागंल गाडीला," एवढंच बोलले.

यूट्यूबवर यापेक्षा भारी रिव्ह्यू बघितलाय का कुणी?