काशीनाथने डायलचं कापड विणलं

काशीनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी काल्हेरच्या गोदामात माल उतरवून घेत होतो. पलीकडे त्याची बायको, सुमनवहिनी. "भावजी, तुमचा दोस्त गेला..." मी माल तसाच सोडून निघालो. पण आज मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझा मित्र जिंकून गेला, ते सांगायचंय.

खारबावच्या काशीनाथचे भिवंडीतल्या नारपोलीत चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. आयुष्यभर विणलं ते एकच, साधं पांढरं कापड. वेड मात्र जुन्या मनगटी घड्याळांचं, त्यातही डायलचं. एका डायलवर मधोमधून किरण फुटलेले, एकीवर मधाच्या पोळ्याची नक्षी. वेळ तो मोबाइलवर बघायचा. सगळ्यात जास्त जीव होता वडिलांच्या घड्याळावर. त्याच्या चंदेरी डायलवर उभ्या-आडव्या रेघा होत्या, काही जाड, काही केसाएवढ्या, अगदी लिननच्या कापडासारख्या. "घड्याळवाल्यानं आपलं कापड चोरलंय," तो म्हणायचा. "आता मी त्याचं चोरनार!"

लूम सांभाळणाऱ्या रफीकचाचांनी कपाळाला हात लावला. "सेठ, मोटा-पतला सूत डालोगे तो धागा टूटेगा." तुटला, पुन्हा पुन्हा तुटला. काशीनाथ घड्याळ उन्हात तिरकं धरायचा, रेघा निरखायचा आणि सूत बदलायचा. शेवटी एकदाचं जमलं. वडिलांची डायलच लूमवर लांबच लांब पसरली होती! व्यापाऱ्याने मात्र कापड बोटांनी चाचपलं आणि ताका परत ढकलला. "ये तो डिफेक्ट माल है." जाड-बारीक धागा म्हणजे खोट, हे भिवंडीत शेंबडं पोरही सांगेल. काशीनाथचा चेहरा उतरला. मला त्या व्यापाऱ्याचा असा राग आला...

आठवडाभरातच काशीनाथने जाहीर केलं, लेकीच्या लग्नात पाहुण्यांना याच कापडाचे शर्टपीस द्यायचे. मी हसलो. आपल्याकडे आहेराचा शर्टपीस शिवतो कोण? तो घडीही न मोडता या लग्नातून त्या लग्नात फिरत राहतो.

"म्हनून तर," काशीनाथ म्हणाला. "ज्याला आवडंल तो शिवंल. न्हाय आवडला तर फिरत फिरत माज्याच घरी येल. मंग मानीन, व्यापारी खरा."

लग्नात ते शर्टपीस वाटले आणि तेव्हापासून तो कुठल्याही लग्नाहून आला, की चप्पल काढायच्या आधी आहेराची पिशवी उघडायचा. वहिनी वैतागायच्या. घरात आलेला प्रत्येक शर्टपीस त्याच्या नजरेखालून जायचा आणि त्यात आपलं कापड नाही म्हणून दरवेळी स्वारी खूश.

तेराव्याला नातेवाइकांनी रिवाजाप्रमाणे दुखवट्याचे कपडे आणले. सगळा गोतावळा आला होता, म्हणजे लग्नाला होती तीच माणसं. पाहुणे पांगल्यावर वहिनींनी तो ढीग पुढ्यात ओढला. साड्या बाजूला सारल्या आणि शर्टपीस एकेक करून उलगडायला घेतले. निळा, चौकटीचा, बिस्किटी... डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हात थांबत नव्हते. आता एक जरी काशीनाथच्या कापडाचा निघाला तर...

शेवटचा शर्टपीस त्यांनी खाली ठेवला.

"एक बी न्हाय, भावजी. सगल्यांनी शिवला."

आणि त्या दुखवट्याच्या घरात आम्ही दोघं मोठमोठ्याने हसलो.