पाण्याची ओ

...तर येसाजी झाडावरून पडला आणि पाय मोडून बसला, इथवर काल आलो होतो. बागेच्या खतासाठी पाला तोडायला चढला होता. बाजारकुणंगच्या बाजूला पाल्यासाठी चढणारे पुष्कळ, पडणारेही पुष्कळ. पण पडल्यावर जे येसाजीनं केलं, ते मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलं नाही.

घर टेकाडावर, सुपारीची बाग खाली ओहळाला. मध्ये रान, आणि चैत्रात ओहळावर गवे पाण्याला येत. रोपं कोवळी, पाणी चुकलं की माना टाकत. वीज नुकतीच आली होती, पंप बसला होता, पण तो चालू करायला उतरायचं कुणी? बायको पुतळी दिवसभर वनखात्याच्या रोपवाटिकेत. तेवढ्यात मेहुणा अर्जुन खानापूरहून आला आणि पाणी पिता पिता म्हणाला, "दाजी, बाग द्या सोडून. आमच्याकडं चला, बसून खावा."

पाय मोडला तेव्हा दुखलं नसेल एवढं हे येसाजीला दुखलं.

सुप्याचं धरण बांधलं जात होतं तेव्हा तो वायरमनच्या हाताखाली राबला होता. खोलीत बसून बटण दाबलं की लांबचं यंत्र हलतं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. "हितनं पंप चालू करतो का न्हाई बघ," तो म्हणाला.

मग काय! शेजारचा लखू आणि पुतळी झाडाझाडावरून वायर ओढताहेत, आणि हा ओसरीवरून ओरडतोय, "आरं, ताण दे! तुझ्या धोतरासारखी लोंबाय लागली ती!" बटण चुलीशेजारच्या भिंतीवर बसलं. रोज सकाळी येसाजी ते राजासारखं दाबायचा आणि दुपारी बंद करायचा.

आणि एके संध्याकाळी पुतळी बागेवरून घरी आली ती तोंड उतरवूनच.

"आवं, रोपं वाळाय लागल्याती. पंप फिरला आसंल, पर नळीच्या तोंडाला पाला. पाणी कुठनं येणार?"

बटण दाबलं म्हणजे पाणी पोचलं, असं धरून बसला होता येसाजी बिचारा. त्यांना घेऊनच जायचं म्हणून थांबलेल्या अर्जुननं सामान भरायला त्यांची ट्रंक पुढं ओढली.

पुतळीनं ती पायानं मागं सारली. "रानात हाळी दिल्यावर पलीकडनं ओ आली न्हाई तर आपण म्होरं जातो का? तुमी नुसती हाळी देताय. पाण्याला ओ द्याय लावा की!"

खरंच, आमच्या रानात ओ आल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. येसाजीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भातशेतात रानडुकरं पळवायला लावतात ना तो बांबू, पाण्यानं भरला की कलंडणारा? तसाच एक नळीच्या पाण्याखाली टांगायला लावला. बांबू कलंडला की पत्र्याला पत्रा भिडायचा, आणि बॅटरीच्या सेलांवर दुसऱ्या वायरीनं घरातला छोटा दिवा लुकलुकायचा. पाणी नाही, तर दिवा नाही.

बटण दाबलं. दिवा गप्प. येसाजीनं लगेच पंप बंद केला. "पुतळे, पाला आडकलाय बघ!" पुतळी लखूला घेऊन खाली गेली, नळीचं तोंड मोकळं केलं, वर हाळी दिली. येसाजीनं पुन्हा बटण दाबलं. सगळं घर भिंतीकडं डोळे लावून. आणि दिवा लुकलुकला! थांबला. परत लुकलुकला.

रोपांनी त्या आठवड्यात माना वर काढल्या. अर्जुन बागेतून फिरून आला, ट्रंक आपल्या हातानं जागेवर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, येवढं सगळं धरणावर शिकलासा व्हय?"

येसाजी म्हणाला, "हुकूम सोडायचं धरणावर शिकलो, अर्जुना, ओ ऐकायचं तुझ्या बहिणीनं शिकवलं. आता तूच ऱ्हा हितं आनखी चार दिस, आन् बसून खा."