सासऱ्यांची सभा आणि बाबांचं वर्षश्राद्ध

यजमानांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाची तिथी शनिवारी येत होती. मुलगा म्युनिकहून हॅनोव्हरला येईल आणि पिंड तोच देईल, हे कधीच ठरलं होतं.

मग त्याचा फोन आला. त्याच्या सासऱ्यांचे कारखाने आहेत, म्युनिकमध्ये भाड्याने दिलेल्या इमारती आहेत. मोठ्या वारशांवरचा कर सरसकट रद्द व्हावा म्हणून त्यांनी त्याच शनिवारी सभा ठेवली होती.

"आई, श्राद्ध रविवारी करू. तू इकडेच ये आणि दोन वाक्यं बोल. नवरा गेलेल्या बाईच्या दारात करवसुलीचं फिनान्झआम्ट कसं उभं राहतं, ते सांग. लोकांना भिडतं."

"माझ्या दारात कोणी आलं नाही रे. हे घर मला मिळालं, एक सेंटसुद्धा कर बसला नाही. आपल्यासारख्यांना तो बसतच नाही."

"गेनाऊ, अगदी बरोबर. पण प्रश्न तत्त्वाचा आहे. वारशाच्या पैशांवर एकदा कर भरून झालाय."

"तो तुझ्या सासऱ्यांनी भरला. तू काय भरलास?"

तो हसला. "बाबांसारखीच बोलतेस."

बोलणारच. हे डार्मश्टाटला शिकायला आले तेव्हा फी जवळजवळ नव्हतीच. अनोळखी लोकांनी कर भरून आपल्याला शिकवलं, असं ते म्हणायचे. ऑफिसच्या कँटीनमध्येही पावाचे चार कण ताटाबाहेर ठेवून चित्राहुती घालायचे. सहकाऱ्यांनी विचारलं की म्हणायचे, "ही आमच्याकडची श्टॉयर, आमचा कर. आधी काढून ठेवायची, मग जेवायचं." सगळे हसायचे. हेही हसायचे, पण त्यांना ते खरंच तसं वाटत असे.

मी मुलाला म्हटलं, "तुझी शाळा, तुझं विद्यापीठ लोकांच्याच करावर झालं. नर्सच्या पगारातून दर महिन्याला कर कापायचा आणि ज्याला इमारतींच्या रांगा जन्मानं मिळतात त्याला माफ करायचा, हे मी बोलणार नाही. बाबांच्या नावावर तर नाहीच."

तो म्हणाला, "आल्झो, मग मला शनिवारी इथेच थांबावं लागेल. तू समजून घे."

"तिथी पुढे ढकलता येत नाही, बाळा."

"माहितेय, आई."

हो म्हटलं असतं तर आदल्या दिवशी तो मला न्यायला आला असता, नातीलाही आणलं असतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ याचाच विचार करत बसले. पण पुन्हा फोन केला नाही.

शनिवारी सकाळी भात शिजवला, तीळ काढले आणि लॅपटॉप पाटासमोर ठेवला. पुण्याचे गुरुजी पडद्यावर आले. त्यांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं.

"वहिनी, चिरंजीव दिसत नाहीत?"

"कामात आहे."

"मग कर्ता कोण?"

"मीच."

गुरुजी हळू आवाजात म्हणाले, "पिंड वळायला घ्या."

भात अजून गरम होता. हात भाजत होते, तरी मी वळत राहिले.