खाली करो

माझं काम काय ते सांगितलं की लोक हसतात. संगणकात मी एक घाट बनवलाय, आणि त्यावर माणसांऐवजी ठिपके सोडलेत. प्रत्येक ठिपका शेजारच्यांकडे बघतो आणि कुठल्या पायऱ्यांनी बाहेर पडायचं ते ठरवतो. सगळे एकाच स्वभावाचे असले, तर एक चुकला की सगळे चुकतात. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात ना? माझ्याकडे मागचा त्याच दगडावर जाऊन आपटतो. पण त्यांच्यात थोडे वेगळं जाणणारे ठिपके मिसळले की कळप फुटतो. यावर मी विद्यापीठात छाती फुगवून बोललेही होते.

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आत्या काशीला आली, तिच्या भजनी मंडळातल्या बायकांबरोबर. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिनेही झाले नव्हते. "तिला धडधाकट परत पाठव हं," असं तिच्या मुलीनं मला फोनवर तीनदा बजावलं. मी म्हटलं, अगं, माझा सगळा जन्म रामघाटावर गेलाय, फिकर कसली करतेस!

सकाळी सगळ्यांना घेऊन बालाजी घाटावर गेले. पूर ओसरला होता. खालच्या पायऱ्यांवर गाळ साचला होता आणि वर दोन माणसं तो धुवायला पंप लावत होती. बायका मधल्या पायऱ्यांवर फोटो काढत उभ्या होत्या. तेवढ्यात पंपवाला ओरडला, "खाली करो! अरे, खाली करो!"

आता हिंदीत खाली म्हणजे रिकामं. आम्ही बनारसी मराठी माणसं घरात "खाली जा" म्हटलं की जिना उतरतो आणि गल्लीच्या तोंडाशी रिक्षावाल्याला "खाली है?" विचारतो. दोन्ही अर्थ जिभेवर घेऊनच वाढलो आम्ही. त्या बायकांना मात्र एकच ठाऊक. पहिली लगबगीनं उतरायला लागली. तिच्यामागे दुसरी, मग सगळ्याच, "चला गं, खाली बोलावताहेत" करत, पदर सावरत, थेट गाळाकडे.

मला कळलं होतं. देवाशप्पथ, शब्द कानावर पडला तेव्हाच कळलं होतं. तरी वाटलं, इतक्या जणी निघाल्यात म्हणजे त्यांना काहीतरी दिसलं असेल. आणि माझा पाय खाली पडला. दोन पायऱ्या उतरले असेन. मग डोकं ताळ्यावर आलं आणि मी किंचाळले, "थांबा! वर या, वर!" त्या सगळ्या थांबल्या. माझ्या मागे आत्या घसरली.

मनगट मोडलं. गुडघा वाचला, एवढंच नशीब.

दुसऱ्या दिवशी मी माझे ठिपके पुन्हा उघडून बसले. तेव्हा दिसलं, की वेगळ्या ठिपक्यांना मी कधी शंका येऊच दिली नव्हती. त्यांना जे कळतं ते ते मुकाट करतात, आजूबाजूला कितीही जण उलट निघोत. असं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

दुपारी आत्याला वरणभात भरवत होते. उजवाच हात प्लास्टरमध्ये होता तिचा. माझं तोंड काही थांबत नव्हतं. राग स्वतःचा आला होता आणि निघत होता त्या बायकांवर.

"मेंढरं नुसती! एक निघाली की सगळ्या निघाल्या. तू तरी कशाला गेलीस गं त्यांच्या मागे?"

आत्यानं घास गिळला.

"त्यांच्या मागे कोण गेलं? त्या निघाल्या तेव्हा मी उभीच होते. त्यांना काय कळतंय इथलं! तू उतरलीस, म्हणून मी उतरले."