जावयांची पहिली फेरी

त्या दिवशी मी सुलोचनाबाईला मंडईतून हाकलायलाच निघालो होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं.

मी खेमराज, केशोरीचा. एकतीस वर्षं बसवर कंडक्टर होतो, आता गावच्या मंडई समितीचा सचिव आहे. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा दंडारीचा नाच-खेळ, दुकानं, झुले आणि रात्री नाटक. लेकी, जावई, सोयरेधायरे सगळे त्या दिवशी गावात येतात. धान कापायचं राहिलं असलं तरी विळा एक दिवस घरीच राहतो. आणि आमच्या गावचा एक रिवाज आहे, त्याला बाहेरच्यांनी हसू नये. झुल्याची पहिली फेरी जावयांची. समितीचा माणूस माइकवर एकेकाचं नाव पुकारतो, जावई बायकापोरांसकट ऐटीत जाऊन बसतो, सारा गाव बघतो. त्यांची फेरी झाली की मग इतरांचा नंबर.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गोंदियाच्या मुन्नालालचा ड्रॅगन आणला. ड्रॅगन म्हणजे तोंडाशी मोठाले दात रंगवलेली लहानशी आगगाडी. ती लोखंडी रुळांवरून चढते, धडधडत उतरते आणि वळणावर माणसाला एका अंगाला फेकते. सहा डबे, डब्यात दोन बाकं. बाकावर बसलं की समोरून एक आडवा लोखंडी बार मांड्यांवर ओढायचा. तो कटकट करत खटक्यात अडकत जातो आणि कळ दाबल्याशिवाय वर येत नाही. बाकाला बार एकच, मग तिथं एक बसो की तीन.

तर माइक माझ्या हातात. आठ जावई, आठांची नावं मी झोकात पुकारली. माझा जावई देवानंद शेवटी, कारण घरचा माणूस पहिला घेतला असता तर बोलणं झालं असतं. देवानंद भंडाऱ्याला नोकरीला आहे. देह चांगला शंभर किलोचा. तो बसला, त्याच्या शेजारी माझी मुलगी नूतन, आणि दोघांच्या मध्ये माझी नात मैना, पाच वर्षांची, नवा घागरा घालून.

एवढ्यात खालून एक बारकीशी बाई आली. मुन्नालालच्या झुल्यावर माणसं बसवणारी, मुर्रीची सुलोचनाबाई ती हीच. पन्नाशीची असेल, वजनाला चाळीस किलो भरली तरी खूप, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला. तिनं प्रत्येक बाकाशी जाऊन जावयांना उठवायला सुरुवात केली. जाड माणूस जाडाजवळ, बारीक बारकाजवळ. गावातल्या चुन्नीलालचा दांडगा जावई तर एकटाच एका बाकावर बसवला. नवऱ्याजवळून बायको उठली, बापाजवळून पोरं उठली. नवीन लग्न झालेलं एक जोडपं दोन वेगळ्या डब्यांत गेलं. लोक आधी हसले, मग कुजबुजायला लागले.

शेवटी ती देवानंदजवळ आली. बार ओढला. बार त्याच्या मांडीवर टेकला. मग तिनं मैनाच्या मांडीवर स्वतःची मूठ ठेवली. मुठीवर आणखी मूठ ठेवली. तरी वरती जागा होती.

"जवाई, तुमी उतरा. अन् पोरीलेबी उतरवा," ती म्हणाली.

मी माइक सोडून धावलो. "बाई, आमचे जवाई हायेत ते."

"असू द्या ना भाऊ. जवाई असले त का मांड्या बारीक होतेत?"

सगळी मंडई हसली. देवानंदचं तोंड लाल झालं आणि माझं डोकं फिरलं. पाहुण्याचा मान म्हणजे आमच्याकडे काय असतो, हे मुर्रीच्या बाईला माहीत नसेल असं थोडंच आहे. वर मी कंडक्टर. दोघांच्या बाकावर चौघं आणि मांडीवर पोर, हे मी आयुष्यभर केलं. "सरका, सरका, लेकरू मांडीवर घ्या" म्हणण्यात माझं तारुण्य गेलं. आणि ही मला बसवायला शिकवणार?

मी मुन्नालालला सरळ सांगितलं, "या बाईले हटवा, नाही त झुला उचला."

मुन्नालालनं हात जोडले. मंडईचा दिवस वाया जाणं त्याला परवडणारं नव्हतं. तो तिला म्हणाला, "बाई, बैठने दे ना. सेक्रेटरी साब का दामाद है. नहीं मानती तो नीचे उतर, घर जा." आणि मोटरच्या बटणापाशी बसलेल्या गुड्डूला म्हणाला, "चालू कर."

गुड्डू माझ्याच वयाचा. त्यानं दोन्ही हात खिशात घातले. "बाई बोलेगी तब," म्हणाला.

मालकाचं न ऐकता नोकर बाईचं का ऐकतो, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे वर्षभर विचारून विचारून कळलं, ते इथंच सांगून टाकतो.

सुलोचनाबाई लहानपणापासून बिडी वळायची. तिचा नवरा बकाराम दुसऱ्याचं धानाचं शेत करतो. चौदा वर्षांपूर्वी मुर्रीच्या मैदानावर मुन्नालालचा हाच ड्रॅगन लागला होता. बाई आपल्या मुलीला, रीताला, घेऊन बसली. शेजारी एक दांडगी पाहुणी. बार पाहुणीच्या मांडीवर अडकला आणि वळणावर रीता बाराखालून घसरायला लागली. बाईनं तिला वेणीला धरून ओढून ठेवलं, गाडी थांबेपर्यंत. पोरीच्या केसांची एक बट हातात आली. खाली उतरल्यावर तिनं मुन्नालालला अर्धा तास तोंडानं असं झोडपलं, की तो वैतागून म्हणाला, "इतना आता है तो तूच बसव लोकांना." तो बोलायला बोलला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हजर.

तेव्हापासून तिच्या हाताखालून किती माणसं गेली याची गणती नाही. मुठीचं माप तिचंच. बार आणि मांडी यांच्यात एक मूठ चालते, दोन चालत नाहीत. बिडी वळणाऱ्या बाईच्या बोटांना सैल आणि घट्ट यातला फरक न बघता कळतो. गुड्डू सांगतो, बार नीट अडकला नसला तर ती आवाजावरून दूरनं ओळखते.

पण मला तिची खरी तारीफ वाटते ती गाद्यांच्या गोष्टीसाठी. बार नुसता लोखंडाचा होता तेव्हा तो मांडीच्या हाडाला लागायचा. लोक तक्रार करायचे, "बाई, थोडं ढिल्लं करा." कोणी बाराखाली हात घालायचं, कोणी टाचा उचलून, मांड्या वर करून बार बसवून घ्यायचं आणि मग पाय खाली सोडायचं. बाईनं ओळखलं, की जे दुखतं ते माणूस टाळतोच. धरणारी वस्तू सोसवली पाहिजे, नाही तर ती धरणारच नाही. मग तिनं घरच्या जुन्या गोधड्या फाडल्या आणि बारांना बारा मऊ गाद्या शिवल्या. लोक खूश. मुन्नालाल खूश. तिसऱ्या-चौथ्या फेरीला बाईनं सहज गाडी थांबल्या थांबल्या मूठ घालून पाहिली, तर दोन मुठी जाऊ लागल्या. गोधडी दबली होती. बसताना घट्ट वाटणारा बार गाडी उतरेपर्यंत ढिला होत होता.

चूक तिची होती आणि तिनं ती कोणाच्या गळ्यात घातली नाही. भर यात्रेत गाडी थांबवली, बाराच्या बारा गाद्या स्वतःच्या हातानं उसवल्या, आणि मुन्नालाल रागानं थयथय नाचत होता तरी त्या दिवशी पुन्हा माणूस बसू दिला नाही. मग गोंदियात ऑटोच्या सीटा बनवणाऱ्या भोजराजकडे चार दिवस जाऊन बसली. कोणता फोम दबतो, कोणता परत फुगतो, रेक्झिन कुठून ओढलं की सुरकुती पडत नाही, हे शिकली. आज त्या ड्रॅगनवर ज्या पातळ, कडक गाद्या आहेत त्या बाईच्या हातच्या आहेत. मांडीला लागत नाहीत आणि दबतही नाहीत. अशी अक्कल आमच्या जिल्ह्यात उगवली याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुठंही बोलून दाखवतो.

त्या दिवशी मात्र यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या जावयाचं भर मंडईत हसू झालं आहे, मैनाचा ओठ थरथरतोय आणि एक बाई मला जुमानत नाही.

बाई मुन्नालालकडे बघून म्हणाली, "जातो मी घरी. पण अगुदर या भाऊले एक दाखवतो."

तिनं नूतनला आणि मैनाला उतरवलं आणि स्वतः देवानंदच्या शेजारी बसली. "गुड्डूभाऊ, बार ओढा." गुड्डूनं येऊन बार ओढला. कट, कट, आणि देवानंदच्या मांडीवर अडकला. "जवाई, तुमाले उठता येते का, पाहा." देवानंदनं जोर लावला. बार हलला नाही. "लागला ना पक्का? आता गाडी वळणावर हाय असं समजा."

असं म्हणून तिनं गुडघे छातीशी घेतले, पाय बाराखालून काढून बाकावर ठेवले, आणि उभी राहिली. बार तसाच लागलेला. देवानंद त्याच्यात जखडलेला आणि ही त्याच्या शेजारी बाकावर सरळ उभी, हात कंबरेवर.

"मी चाळीस किलोची," ती म्हणाली. "तुमची नात माह्या अर्धीबी नाही. सांगा भाऊ, आता बसवू? तुमी म्हणत असान त बसवतो. पण माइकवर सांगा, का तुमी म्हटलं म्हणून बसवून राहिली."

माइक गुड्डूच्या टेबलावर पडला होता. तो उचलायला माझा हात उठला नाही. मैना माझ्या धोतराला धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर मांडीवर बसवलेली सगळी लेकरं त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे आली. त्यांच्यातलं एकही पडलं नाही, ही माझी हुशारी नव्हती.

कळ दाबायला देवानंदनंच सांगितलं. तो उतरला, मैनाला उचलून माझ्याकडे दिलं आणि म्हणाला, "मामाजी, बाईचं बरोबर हाये. मी चुन्नीलालच्या जवायापाशी बसतो. आमी दोघं एका मापाचे."

मैनानं जो काय सूर लावला तो दंडारीच्या ढोलकीच्याही वर ऐकू गेला असेल. बाईनं तिची समजूत घालायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "वाढ, मंग ये," एवढंच म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे वळली. मी मुन्नालालला म्हणालो, "झुला राहू द्या. बाईलेबी राहू द्या." माफी मागायला मला संध्याकाळ लागली. मी तिला नाटकाच्या मंडपात पहिल्या रांगेत बसायला बोलावलं, तर म्हणाली, "झोप येते भाऊ, सकाळी खटक्याईले तेल द्याचं हाय." आणि गेली.

यंदा मंडईच्या बैठकीत पोरांनी नागपूरकडच्या एका चकचकीत झुल्याचं नाव काढलं. दिवे जास्त, गाणी जास्त. बोलणं जवळजवळ पक्कं होत आलं होतं, तेवढ्यात मला देवानंदचा फोन आला. ज्याचा अपमान झाला म्हणून मी गाव डोक्यावर घेतलं होतं, त्यानं पहिलाच प्रश्न विचारला, "मामाजी, झुल्यावर ते बाई हाये ना? ते असन त मैनाले आणतो. दुसरं कोणी असन त झुल्याकडं पाठवत नाही." मी फोन स्पीकरवर टाकून बैठकीला ऐकवला. त्यानंतर नागपूरचं नाव कोणी घेतलं नाही.

पत्रिका छापायला मी स्वतः अर्जुनीला गेलो. अध्यक्ष, उद्घाटक, पाहुणे, नाटक कंपनी, आणि त्याखाली ठळक अक्षरात छापून घेतलं: झुल्यावर बसवणार, सौ. सुलोचनाबाई बकाराम, मुर्री. छापणारा म्हणाला, झुलेवाल्यांची नावं कोणी छापत नाही. मी म्हणालो, आम्ही छापतो. सचिव म्हणून माझं नाव तिच्या खाली घेतलं.

मंडईच्या दिवशी जावई न सांगताच मापामापानं उभे राहिले. मैना सात वर्षांची झाली आहे. ती नूतनजवळ बसली, नूतन सडपातळ. बाईनं बार ओढला, मैनाच्या मांडीवर मूठ ठेवली. मुठीवर दुसरी मूठ अर्धीच बसली. बाईनं वाकून मूठ पुन्हा एकदा लावून पाहिली. सारा गाव बघत होता. मीही बघत होतो, आणि मनातून देवाला सांगत होतो की यंदा तरी होऊ दे.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "अजून एक साल."

मैनाला कडेवर घेऊन मी कुंपणाशी आलो. ती आता जड झाली आहे, आणि रडायला पहिल्यापेक्षा जोर आला आहे. चुन्नीलाल शेजारी उभा होता. त्याला गंमत वाटली. "काऊन भाऊ, पत्रिकेत नाव छापलं, त तिनं तुमचीच नात उतरवली."

"उतरवते म्हणूनच छापलं," मी म्हणालो.