यमुनाबाईंचं माहेर आणि आबांची छत्री

टीव्हीवर सकाळपासून सांगताहेत, यमुनाबाईंना माहेर नव्हतं.

साफ खोटं. मी त्याच माहेरची सून आहे.

सिनेमाच्या टायटल्समध्ये ‘यमुनाबाई’. आमच्या धरणगावच्या घरात अक्का. माझी नणंद.

आज पहाटे गेली.

लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, निंबाच्या झोक्यावर गाणारी पोर. मुंबईला मावशीकडे शिकायला गेली आणि कोरसमध्ये उभी राहिली. पुढे हिरोइनींचा आवाज झाली. हिंदी, मराठी, गुजराती, सगळं गायली. रेकॉर्डिंगला चप्पल बाहेर काढून उभी राहायची. एवढा लांब दम कुठून आणता, असं लोक विचारायचे. मला तिनं सांगितलं होतं, झोका वर जाताना ओळ म्हणायची आणि खाली येताना श्वास घ्यायचा. स्टुडिओत डोळे मिटून ती झोक्यावरच असायची.

स्टुडिओतल्याच एका व्हायोलिनवाल्याशी तिनं लग्न केलं. घरी न विचारता.

तिथं गाडी अडली.

आमच्या खान्देशात आखाजीला सासुरवाशीण माहेरी येते. पण आपल्या पायानं नाही. माहेरून भाऊ तिला घ्यायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात.

माझे सासरे, आबा, कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. त्यांचं म्हणणं एकच.

“ज्या घरमा मी दिधी नही, तठे मुऱ्हाळी कसा धाडू? ती उनी तं दार उघडं शे.” म्हणजे आपणहून आली तर येऊ दे, घ्यायला कुणी जाणार नाही.

तिकडे अक्काचं म्हणणं, “बिगर मुऱ्हाळीनी लेक माहेर उनी तं गाव म्हनी, नवरानी टाकी दिधी.”

दोघंही रीतीला धरून. दोघंही खरे. आणि वर्षानुवर्षं बाप-लेकीची भेट नाही.

रेडिओवर तिचं गाणं लागलं की आबा ऐकायचे. गाणं संपलं की म्हणायचे, “चहा ठेव.”

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न नवं होतं. आखाजीच्या तोंडावर जळगावला अक्काचा प्रोग्राम लागला. धरणगावातून माणसं एसटी भरभरून गेली. आमच्या घरातून कुणी नाही!

माझं डोकंच फिरलं. तासाभराच्या वाटेवर येऊन ती तशीच मुंबईला परत जाणार? पुन्हा इतक्या जवळ कधी येणार? आबांचं वय झालेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांजोऱ्यांचा डबा भरला आणि ह्यांना म्हटलं, “चला.”

हे म्हणाले, “आबा?”

मी म्हटलं, “आबांना मी बघते.”

आबा ओट्यावर बसले होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं. कुठं चाललात, विचारलं नाही. उठून आत गेले आणि खुंटीवरची स्वतःची छत्री घेऊन आले. लाकडी मुठीची, काळी. ती छत्री ते घरात कुणालाही हात लावू देत नसत.

“हाई बी ली जाय. ऊन शे. येतांना लागी.”

जळगावला रिक्षा लॉजसमोर थांबली आणि आमचे हे खाली उतरेनात. “तू जा वर. मी आहे इथं.”

गेले एकटी. अक्का बॅग भरत होती.

“कोन तू?”

“तुमनी भावजय. मुऱ्हाळी म्हनीसन उनू.”

“भावजय कधी मुऱ्हाळी ऱ्हास का? भाऊ कोठे शे?”

“खाले रिक्षामा बठेल शेतस. त्यासले आबानं भ्याव वाटस.”

अशी हसली! “आजून बी? ल्हानपने बी झोकावर मालेच पुढे बसाडे.”

मग हसू थांबलं. “आबानी धाडं का तुले?”

खोटं बोलले असते तर काम सोपं होतं. जमलं नाही. “नही. मी मन्हा मननी उनू.”

तिनं बॅगेची चेन लावली.

तेवढ्यात तिची नजर माझ्या काखेतल्या छत्रीवर गेली. जवळ आली. मुठीवरून बोट फिरवलं.

“हाई छत्री कोननी शे?”

“आबानी. म्हने, येतांना लागी.”

अक्का कॉटवर बसली आणि रडली. रेडिओवर इतकी रडकी गाणी गायलेली बाई, खरं रडताना आवाजच नव्हता.

मग डोळे पुसले, चप्पल घातली आणि म्हणाली, “चाल.”

आबा ओट्यावर तसेच बसलेले. म्हणाले, “उनी? हात-पाय धोय ले. जेवाले बस.”

बस्स. एवढंच.

आखाजीला अक्का निंबाच्या झोक्यावर बसली. अख्खी गल्ली लोटली. आबा दाराआड उभे होते. गाणं संपल्यावर चहा मागायचं विसरले.

त्यानंतर दर आखाजीला मीच मुऱ्हाळी. आबा गेल्यावरही. मुंबईत तिच्या बिल्डिंगखाली हे टॅक्सीत बसायचे आणि मी वर जायचे. अक्का दार उघडून विचारायची, “भाऊ खालेच का?” आमचा ठरलेला जोक होता तो.

आता आम्ही ट्रेनमध्ये आहोत. लेकीला अखेरचं नेसवायचं लुगडं माहेरचं लागतं. जांभळ्या काठाचं घेतलंय, तिच्या आवडीचं.

निघताना ह्यांनी खुंटीवरून आबांची छत्री काढली. येताना लागणार नाही, हे मला म्हणवलं नाही.

ह्यांचे गुडघे दुखतात म्हणून म्हटलं, “तुम्ही खाली थांबा, लुगडं मी नेते वर.”

“नाही,” म्हणाले. “मुऱ्हाळी मी आहे.”

अक्का, तुमचा भाऊ वर येतोय. तुमच्या भावजयीचा शेवटचा नमस्कार.